पांढऱ्या टेबलक्लॉथवर पहिल्यांदा बसताना

उंची रेस्तराँत पहिल्यांदा जाणाऱ्याला धास्ती असते ती काट्या-चमच्यांची. प्रत्यक्षात चुकीचा काटा उचलला म्हणून कुणाची संध्याकाळ बिघडत नाही. बिघडते ती न विचारलेल्या गोष्टींमुळे. शेजारी स्वयंपाकघराचं दार धाडधाड आपटत असतं, वजनावर विकलेला मासा बिलात भलताच निघतो, एका पदार्थानंतर दुसरा यायला पाऊण तास लागतो. यातल्या बहुतेक गोष्टी एका वाक्याने टळतात, फक्त ते वाक्य योग्य वेळी बोलायला हवं.

या धंद्याचा ढोबळ हिशेब असा की पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. बाकीचे पैसे माणसांचे पगार, जागेचं भाडं, टेबलक्लॉथची धुलाई आणि फुटणारे ग्लास यांत जातात. थोडक्यात, तुम्ही बराचसा पैसा माणसांच्या वेळेसाठी मोजता. मग त्या माणसांना प्रश्न विचारायला संकोच कशाला?

जागा निवडणं

मिशेलिनचे तारे सगळ्यांनी ऐकलेले असतात, पण ते कशाचे असतात हे ठाऊक असलेलं बरं. १९०० साली टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. १९२६ पासून ती चांगल्या जेवणाला तारा देऊ लागली आणि १९३१ मध्ये दोन व तीन ताऱ्यांची पायरी आली. एक तारा म्हणजे वाटेत थांबावं असं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. तारा फक्त ताटलीतल्या अन्नाला मिळतो. खुर्ची आरामशीर आहे का, गोंगाट किती, वेटर हसतो का, याचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिल्या वेळेला तीन ताऱ्यांच्या मागे लागू नका. तीन तासांचं, बारा पदार्थांचं जेवण ही सवयीची गोष्ट आहे. नवख्या माणसाची जीभ आठव्या पदार्थापर्यंत थकते आणि लक्ष घड्याळाकडे जातं. त्यापेक्षा जिथे दुपारी तीन-चार पदार्थांचा छोटा मेन्यू मिळतो अशी जागा शोधा. स्वयंपाकघर तेच, रात्रीच्या मानाने पैसे बरेच कमी, आणि दीड-दोन तासांत मोकळे. सणाच्या किंवा प्रेमीयुगुलांच्या ठरलेल्या दिवशी मात्र चुकूनही जाऊ नका. त्या दिवशी मेन्यू ठरावीक, टेबलं जास्त कोंबलेली आणि स्वयंपाकघर घाईत असतं.

टेबल बुक करताना

फोनवर किंवा संकेतस्थळावर माणसांची संख्या आणि वेळ सगळेच सांगतात. त्याच्यापुढे आणखी चार प्रश्न विचारा. टेबल किती वेळासाठी मिळणार? काही ठिकाणी दोन तासांनी उठावं लागतं आणि ते आधी कळलं नाही तर गोड पदार्थ घाईघाईने गिळावा लागतो. रद्द करायची मुदत किती? २४ किंवा ४८ तास हे नेहमीचं. त्यानंतर अनामत परत मिळत नाही किंवा कार्डावरून माणशी रक्कम कापली जाते. हे जाचक वाटतं, पण चाळीस खुर्च्यांच्या जागेत चार जणांचं एक टेबल आलंच नाही तर त्या रात्रीचा दहावा हिस्सा गेला. कपड्यांचा काही नियम आहे का? आणि मेन्यू सगळ्या टेबलाला एकच घ्यावा लागतो का?

न खाण्याच्या गोष्टी इथेच सांगा, टेबलावर बसल्यावर नाही. रस्सा आणि सॉसचा अर्क स्वयंपाकघरात आदल्या दिवसापासून उकळत असतो. त्यातून ऐन वेळी एखादा घटक काढता येत नाही. ॲलर्जी आणि नावड यांतला फरकही खरा सांगा. ॲलर्जी म्हटलं की सुरी, चिरायची फळी, भांडी, तेल, हातमोजे सगळं बदलतं आणि एका माणसासाठी बाकीचं काम थांबतं. केवळ आवडत नाही म्हणून ॲलर्जी सांगणारे पाहुणे पुढच्या खऱ्या रुग्णाचं नुकसान करतात, कारण स्वयंपाकघर हळूहळू त्या शब्दावर विश्वास ठेवेनासं होतं. ‘आवडत नाही, टाळता आलं तर बरं’ एवढं म्हटलं तरी ते टाळतात.

पोचल्यावर

उपाशीपोटी जाऊ नका. कडाडून भूक लागलेला माणूस पहिल्या वीस मिनिटांत ब्रेड-लोण्यावरच पोट भरून बसतो. दुपारी हलकं खाल्लेलं असावं. उग्र अत्तर लावू नका; त्यात पदार्थाचा वास दबला की चव निम्मी गेली, तुमची आणि शेजारच्या टेबलाचीही. उशीर होणार असेल तर फोन करा, पंधरा मिनिटांनंतर टेबल दुसऱ्याला देण्याची मुभा ते राखून ठेवतात. ‘स्मार्ट कॅज्युअल’ असं लिहिलं असेल तर व्यवहारात त्याचा अर्थ बंद बूट, पूर्ण लांबीची पँट किंवा त्याच तोलाचा नीटनेटका पोशाख, आणि खेळाचे कपडे नकोत, इतकाच.

टेबल दाखवल्यावर बसण्याआधी दहा सेकंद उभं राहून बघा. स्वयंपाकघराचं झुलतं दार, स्वच्छतागृहाची वाट, डोक्यावर एसीचा झोत, आणि वेटर जिथे काटे-चमचे काढतात ते कपाट या चार जागांजवळ बसू नये. दुसरं टेबल मागायचं ते नॅपकिन उघडण्याआधी आणि पाणी ओतण्याआधी. नंतरही बदलून देतात, पण तोवर ते टेबल तुमच्या नावाने एका वेटरच्या वाट्याला गेलेलं असतं आणि सगळी मांडणी फिरवावी लागते.

गोंगाट ही अशा जागांबद्दलची एक मोठी तक्रार, आणि तिचं कारण सजावटीत आहे. उघडी फरशी, काच, काँक्रीटचं छत, पडदे नाहीत, गालिचे नाहीत. आवाज शोषायला काहीच नसतं. त्यात माणूस गोंगाटात नकळत आवाज चढवतो, म्हणून शेजारचाही चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्यें लोंबार यांनी १९११ साली हे मांडलं आणि त्याला आजही त्यांचंच नाव आहे. साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं. भोवताली पंचाहत्तर झाले की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. उपाय दोनच: पाठीशी भिंत असलेलं कोपऱ्यातलं टेबल मागा, किंवा संध्याकाळची अगदी पहिली वेळ घ्या. जागा भरायच्या आत निम्मं जेवण झालेलं असतं.

भीड भिकेची बहीण

बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो: पाणी साधं की बुडबुड्यांचं? दोन्ही उत्तरं बाटलीची असतात. नळाचं गाळलेलं पाणी हे तिसरं उत्तर कुणी सुचवत नाही, पण मागितलं तर बहुतेक ठिकाणी मिळतं. लगोलग ‘सुरुवातीला काही पेय?’ हे मेन्यू हातात यायच्या आधी विचारलं जातं. यादी बघून सांगतो म्हणावं.

खिशाला खरी चाट बसते ती पुढच्या तीन ठिकाणी.

वेटर तोंडी सांगतो ते आजचे खास पदार्थ. त्यांची किंमत तो सांगत नाही आणि सोबतच्यांसमोर विचारायला आपल्याला लाज वाटते. विचारा. रोज शेकडो लोक विचारतात.

वजनावर विकलेले मासे आणि मांस. मेन्यूत आकडा १०० ग्रॅमचा असतो आणि डोळा तोच पूर्ण किंमत समजतो. सव्वा किलोचा अख्खा मासा आला तर तो आकडा साडेबारा पट होतो, आणि वजन कच्च्या माशाचं, डोकं-काट्यांसकट. खायला मिळतं ते निम्म्याच्या आसपास. मासा दाखवायला आणला की तिथेच विचारावं, ‘हा किती वजनाचा आणि एकूण किती होतील?’

तिसरं म्हणजे वरची भर. ठरलेल्या मेन्यूच्या मध्यावर कुणीतरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी सुवासिक बुरशी, घेऊन येतं आणि गोड आवाजात विचारतं, ‘वर थोडं किसू का?’ ऐकायला पाहुणचार वाटतो, असते ती विक्री. ट्रफल ग्रॅमवर मोजतात. किती ग्रॅमला किती, हे कळल्यावर हो म्हणा किंवा नको म्हणा. दोन्हींत कमीपणा नाही.

फुकट काय असतं तेही सांगून टाकू. जेवणाआधी येणारा घासभर पदार्थ, ज्याला आम्यूझ बूश म्हणतात, तो शेफकडून असतो. कॉफीबरोबर येणारे चिमुकले गोड तुकडेही सहसा तसेच. ब्रेडचे मात्र काही ठिकाणी पैसे लागतात, मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात असतं.

काय मागवावं

दोन पद्धती असतात. आ ला कार्त म्हणजे यादीतून हवं ते निवडायचं. टेस्टिंग मेन्यू म्हणजे शेफने ठरवलेल्या क्रमाने आठ ते बारा छोटे पदार्थ, प्रत्येकी साधारण ३० ते ६० ग्रॅम, अडीच ते साडेतीन तासांत. ‘एवढंसंच?’ ही पहिली प्रतिक्रिया सर्वांची असते. बेरीज करा: दहा पदार्थ, ब्रेड आणि गोड धरून अर्धा किलोच्या वर सहज जातं. आणि घास मोजके असण्याला कारण आहे. एकाच चवीतली गोडी पहिल्या काही घासांनंतर झपाट्याने उतरते, पण नवी चव आली की पुन्हा जागी होते. शेवटी पोट भरलेलं असतानाही गोडाला जागा निघते ती यामुळेच.

टेस्टिंग मेन्यू सगळ्या टेबलाने घ्यावा अशी अट का असते, हे स्वयंपाकघर कळलं की कळतं. आजच्या बड्या स्वयंपाकघरांची विभागणी फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी बसवलेल्या पद्धतीवर चालते: सॉस एकाकडे, मासे दुसऱ्याकडे, भाज्या तिसऱ्याकडे, गोड वेगळ्या कोपऱ्यात. एका टेबलाचे चार पदार्थ या वेगवेगळ्या ओट्यांवरून एकाच मिनिटाला शेवटच्या काउंटरवर जमावे लागतात. दोघे दहा पदार्थ खाणार आणि दोघे तीन, तर ती लय मोडते, आणि ते दोघे सात वेळा रिकाम्या ताटलीसमोर बसतात.

यादीतून निवडताना आमचा कौल असा: जे घरी होत नाही ते मागवा. दोन दिवस आटवलेला सॉस, सतरा थरांची पेस्ट्री, धगधगत्या निखाऱ्यावरचा मासा. उकडलेल्या भाजीला तिथे जाऊन पैसे मोजू नका. टेबलावरच्या दोघांनी एकच पदार्थ घेऊ नये हे ओघाने आलंच.

वाईनची तालीम

वाईन पीत नसाल तर तसं सांगा, ग्लास उचलून नेतील. पदार्थांसोबत बिनअल्कोहोलची पेयं जुळवून देण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे आणि पुष्कळदा तीच जास्त गमतीची असते.

पीत असाल तर सोमेलिए, म्हणजे वाईनचा जाणकार, बाटली आणून लेबल दाखवतो. नाव आणि साल मागवलं तेच आहे ना, एवढंच बघायचं. मग तो तळाशी घोटभर ओततो. इथे पुष्कळ लोकांचा गैरसमज होतो. आवडली का, हे तो विचारत नसतो. बाटली खराब तर नाही ना, एवढंच. खराबीचा नेहमीचा प्रकार म्हणजे बुचातून उतरणारं टीसीए नावाचं रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला कळतात आणि वाईनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या तळघराचा वास येतो. दुसरा प्रकार हवा लागून उतरलेली वाईन, कापून ठेवलेल्या तांबूस सफरचंदासारखी किंवा थेट शिरक्यासारखी. असं काही वाटलं तर ‘एकदा तुम्ही वास घेऊन बघता का?’ म्हणावं. तो घेईल आणि बाटली बदलेल. वास स्वच्छ असेल तर होकाराची मान हलवायची. बूच हुंगत बसायची गरज नाही.

मापं लक्षात ठेवा. बाटली ७५० मिलीची, ग्लास साधारण १५० मिलीचा, म्हणजे पाच ग्लास. तिघांनी मिळून चार-पाच ग्लास घेणार असाल तर सहसा बाटलीच स्वस्त पडते. प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाईन घेतली तर दर वेळी ६० ते ९० मिली धरा. सात पदार्थांना अर्धा लिटर सहज होतं. अशा वाईनचा एकच संच दोघांत वाटून देता का, हे विचारायला हरकत नाही. बजेट मोठ्याने सांगायचं नसेल तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘अशा धर्तीची काही सुचवा.’ जाणकाराला इशारा पुरतो.

सारखा ग्लास भरला जात असेल तर त्यात दोन्ही बाजूंनी तोटा: किती प्यालो ते कळत नाही आणि बाटली मुख्य पदार्थाच्या आधीच संपते. ‘आम्ही ओतून घेऊ’ म्हटलं की थांबतात. लाल वाईन कोमट लागली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. १५ ते १८ अंश सेल्सिअस ठीक. पांढरी दातांना कळा आणण्याइतकी गार असेल तर ग्लास तळव्यात धरा, सुवास मोकळा होतो.

काटे, सुऱ्या, नॅपकिन

बाहेरून आत वापरत जायचं. ताटलीच्या वरच्या बाजूचा आडवा चमचा-काटा गोडासाठी. ब्रेडची ताटली डावीकडची, ग्लास उजवीकडचा. काटा पडला तर वाकून उचलू नका, नवा येतो. मध्ये थांबलात तर काटा-सुरी ताटलीत तिरपी, टोकं एकमेकांकडे. संपलं की दोन्ही शेजारी-शेजारी, समांतर. ही खूण नुसती शिष्टाचाराची नाही. वेटर लांबून तीच बघतो आणि चौघांच्याही सुऱ्या समांतर झाल्या की पुढचा पदार्थ सुरू करायचा निरोप आत जातो.

म्हणूनच पदार्थ येण्याच्या बेतात असताना उठून स्वच्छतागृहाकडे जाणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. तुमची खुर्ची रिकामी दिसली की चारही ताटल्या आत थांबतात, सॉसवर साय धरते, मासा आतल्या उष्णतेने शिजत राहतो. उठायचंच तर ताटल्या उचलल्या त्या क्षणी उठा. नॅपकिन खुर्चीवर ठेवा.

मध्येच बिनसलं तर

दोन पदार्थांमध्ये दहा ते पंधरा मिनिटं ठीक. पंचवीस झाली की हसून विचारा. बहुतेकदा निरोप आत पोचलेलाच नसतो आणि विचारल्यावर पाच मिनिटांत ताटली येते.

पदार्थ बिघडला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या घासाला सांगा आणि नेमकं सांगा: खारट आहे, मधोमध गार आहे, मागितलं त्यापेक्षा जास्त भाजलंय. अर्धी ताटली संपवून केलेली तक्रार कुणी मनापासून ऐकत नाही. मांस किती भाजलं ते त्याच्या आतल्या तापमानावरून ठरतं: रेअर, म्हणजे अगदी कमी भाजलेलं, ५० ते ५२ अंश सेल्सिअस, मीडियम रेअर, म्हणजे त्याच्या पुढची पायरी, ५४ ते ५७, वेल डन, म्हणजे पूर्ण भाजलेलं, सत्तरच्या वर. नक्की ठरत नसेल तर कमी भाजलेलं सांगा. कच्चं राहिलं तर पुन्हा तव्यावर जातं, जास्त झालेलं मागे येत नाही. तुमची ताटली परत गेली की सोबतच्यांना सुरू करायला सांगा, नाहीतर एकाऐवजी चार पदार्थ गार होतात. ‘मला वाटलं होतं तसं नाही’ ही तक्रार नव्हे. मागवण्याआधी विचारायचा तो प्रश्न होता.

बाकी बारीकसारीक त्रास. प्रत्येक ताटलीसोबत दोन मिनिटांचं निरूपण, कुठल्या डोंगरावरचं गवत आणि कुठल्या समुद्राचं मीठ. ऐकायचं नसेल तर पहिल्याच वेळी ‘थोडक्यात सांगितलं तरी चालेल’ म्हणा. दर पाच मिनिटांनी ‘सगळं छान ना?’ विचारणाऱ्याला मान हलवून वाटेला लावावं, बोलणं तोडू नये. फोटो एक-दोन काढा, फ्लॅश बंद ठेवून. गरम पदार्थ दोन मिनिटांत कोमट होतो. आणि पाटीच्या दगडावर, लाकडाच्या फळीवर जेवण वाढणाऱ्यांना काय म्हणावं? सॉस वाहून टेबलावर, सुरीचा कर्रकर्र आवाज दातांत. ताटली मागा. आणून देतात, बहुधा त्यांनाही ते पटलेलं असतं.

बिल

बिल न मागता येणार नाही. पाहुण्याला उठवल्यासारखं होऊ नये म्हणून ते थांबतात. निघायच्या पंधरा मिनिटं आधी सांगा, कॉफी येते तेव्हाच. यजमान तुम्ही असाल आणि टेबलावर ओढाताण नको असेल तर पोचल्या पोचल्याच स्वागताच्या टेबलावर कार्ड देऊन ठेवा.

आल्यावर चार ओळी तपासा: पाण्याच्या बाटल्या किती लावल्यात, वरची भर, वाईनचं साल मागवलं तेच ना, आणि सर्व्हिस चार्ज. तो आधीच धरलेला असेल तर वेगळी टिप ऐच्छिक. कार्डाच्या यंत्रावर टिपेचा रकाना पुन्हा पुढे येतो तेव्हा घाईत दुसऱ्यांदा बटण दाबू नका.

उठताना छापील मेन्यूची प्रत मागा. टेस्टिंग मेन्यू असेल तर बहुतेक जण आनंदाने देतात. स्वयंपाकघर बघायचं असेल तर ती विनंतीही आत्ताच, गर्दी ओसरल्यावर. साडेआठ-नऊच्या धबडग्यात विचारलंत तर नकारच येईल. आणि त्या प्रतीवर कुठला पदार्थ आवडला, कुठला नाही, कुठलं टेबल होतं ते पेनने लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोन करताना तोच कागद समोर असू द्या.